गोठ्यातले प्रश्न : पोतं २२ टक्क्यांचं, मग डिग्री का लागत नाही?

यावेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं प्रोटीनवर आहेत. पेंडीतलं प्रोटीन, बायपास प्रोटीन (म्हणजे पहिल्या पोटात न फुटता पुढं आतड्यात जाणारं), अमिनो ॲसिडच्या पुड्या, आणि एवढे पैसे घालूनही डेअरीच्या स्लिपवर न दिसणारा फरक. म्हणून बाकीच्या विषयांची पत्रं पुढच्या अंकाला ठेवली आणि हे अख्खं सदर यालाच दिलं. पहिलं उत्तर जरा लांबलंय, पण ते नीट वाचा, पुढची सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर साहेब, माझ्याकडे ४ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. त्यातली एक तिसऱ्या वेताची, व्यायला दोन महिने झाले, दोन्ही वेळचं मिळून २२ लिटर देते. फॅट ३.६ लागते पण एसएनएफ ८.२ च्या वर जातच नाही, आमच्या डेअरीचा दर ३.५ आणि ८.५ ला आहे त्यामुळे रोज पैसे कापले जातात. २२ टक्के प्रोटीनची गोळी पेंड चालू आहे, सरकी पेंड वाढवली, शेंगदाणा पेंड पण रोज दीड किलो घालतोय. चारा म्हणजे उसाचं वाढं आणि थोडं हत्तीगवत. आता अजून प्रोटीन कुठून आणू?
— एक दूध उत्पादक, माळशिरस तालुका

उत्तर : दादा, अजून आणू नका. आहे तेच कासेपर्यंत पोचत नाहीये.

आधी एसएनएफ म्हणजे काय ते बघू, लॅक्टोमीटरवर डिग्री बघतात ती याच्याच अंदाजासाठी. दुधातलं पाणी आणि फॅट सोडून जे उरतं ते, म्हणजे गाईच्या दुधात ढोबळमानाने सव्वातीन टक्के प्रोटीन, पावणेपाचच्या आसपास लॅक्टोज नावाची साखर, आणि पाऊण टक्क्याच्या आत खनिजं. लॅक्टोज फारसं हलत नाही, कारण लॅक्टोज जेवढं तयार होतं त्या प्रमाणात कास पाणी ओढून घेते, लॅक्टोज वाढलं की लिटर वाढतात, टक्का तोच राहतो. म्हणजे खुराकाने हलवता येईल असा मुख्य भाग प्रोटीनचा, आणि तुमची ८.२ ची ८.५ व्हायची असेल तर ती बहुतेक तिथूनच होणार.

आता हे प्रोटीन कासेत आयतं येत नाही, तिथंच बनतं. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त फिरतं आणि त्या रक्तातून कासेच्या पेशी अमिनो ॲसिड उचलतात. दुधातलं जवळपास ८० टक्के प्रोटीन केसीन असतं, आणि केसीन म्हणजे अमिनो ॲसिडची ओवलेली माळ. बीटा केसीनच्या एका माळेत २०९ मणी असतात, आणि कुठल्या जागी कुठला मणी हे ठरलेलं असतं. पटवेकरी पोत ओवताना सोन्याचा मणी संपला म्हणून त्या जागी काळा घालून पुढं जात नाही, तो थांबतो. कास तसंच करते. मण्यांचे प्रकार २०, त्यातले दहाएक गाईला स्वतःच्या अंगात बनवता येत नाहीत किंवा पुरेसे बनवता येत नाहीत. लायसिन, मेथिओनिन, हिस्टिडिन ही त्यातली नावं, आणि बहुतेक खुराकात आधी कमी पडतात ते लायसिन आणि मेथिओनिन. बाकीचे मणी ढिगाने पडलेले असले तरी हे दोन नसतील तेवढी माळ कमी ओवली जाते, उरलेले मणी यकृतात जातात, तिथं मोडून त्यांचा युरिया होतो आणि लघवीवाटे गोठ्याच्या नाल्यात.

आता मुख्य गोष्ट, जी पोत्यावर कुणी लिहीत नाही. गाय जे खाते ते आधी गाय खात नाही, तिच्या कोठीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू खातात. तुमच्या पेंडीतलं बरंचसं प्रोटीन ते तिथंच फोडतात, अमोनियापर्यंत, आणि त्या अमोनियातून स्वतःचं अंग बनवतात. मग हे जिवाणू पुढं वाहत चौथ्या पोटात आणि आतड्यात जातात, तिथं मरतात, पचतात, आणि त्यांच्या अंगातलं प्रोटीन गाईला मिळतं. गाईला लागणाऱ्या प्रोटीनपैकी निम्मं किंवा त्याहून जास्त असं जिवाणूंचं असतं. आणि हे प्रोटीन फार चांगलं असतं, त्यातलं लायसिन आणि मेथिओनिनचं प्रमाण दुधातल्या प्रोटीनच्या जवळ जाणारं, कुठलीही पेंड त्याची बरोबरी करत नाही. म्हणजे तुमची पहिली शेती कोठीपोटातली. तिथलं पीक जेवढं जोमदार तेवढी डिग्री.

त्या पिकाला नायट्रोजन लागतो तसा पचणारा माल पण लागतो, ताकद लागते. इथं तुमचं गणित मोडलंय. शेंगदाणा पेंड कोठीपोटात फार लवकर फुटते, खाल्ल्यावर तास-दोन तासात अमोनियाचा लोंढा येतो. त्या वेळी मक्याचा भरडा, मुरघास असं काही सोबत असेल तर जिवाणू तो अमोनिया पकडतात. तुमच्याकडं सोबत आहे उसाचं वाढं, ज्याच्यात प्रोटीन पाचेक टक्के आणि पचायला चिवट. जिवाणूंकडं ताकद नाही, अमोनिया रक्तात, रक्तातून यकृतात, आणि यकृताला त्याचा युरिया करायला वर गाईचीच ताकद खर्ची पडते. दीड किलो शेंगदाणा पेंड घालून तुम्ही एका बाजूने गाईवर कामच वाढवलंय.

याची खूण तुम्हाला घरीच बघता येईल. पहाटे गोठ्याचं दार उघडल्याबरोबर नाकाला आणि डोळ्याला झोंबणारा वास येतो का बघा. शेण बघा, पोवासारखं थापलं जाण्याऐवजी पातळ, चकाकणारं पडतंय का. डेअरीकडं दुधातला युरिया तपासायची सोय असेल तर तपासून घ्या, १०० मिली दुधात युरिया नायट्रोजन साधारण १० ते १६ मिलिग्रॅमच्या आत असावं, त्यापेक्षा बरंच वर असेल तर प्रोटीन वाया जातंय. अशा गाई पुन्हा पुन्हा उलटतात पण, गाभण राहायला त्रास देतात, ते वेगळं नुकसान.

करायचं काय तर शेंगदाणा पेंड आठवड्याभरात कमी करत अर्ध्या किलोवर आणा आणि त्या जागी मक्याचा भरडा वाढवत दीड किलोपर्यंत न्या, एकदम नाही, आठ-दहा दिवस घेऊन, नाहीतर पोट आंबट होऊन गाय चारा सोडेल आणि फॅटही पडेल. वाढं निम्म्यावर आणून मक्याचा मुरघास किंवा चांगल्या कडब्याची कुट्टी द्या. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून खनिज मिश्रण चुकवू नका. खुराक दोन वेळेला पाटी भरून ओतण्यापेक्षा चार वेळेला वाटून किंवा कुट्टीत कालवून द्या, म्हणजे अमोनिया आणि ताकद एकाच वेळी पोटात असतात. हा शेवटचा बदल फुकटचा आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त टाळला जाणारा पण हाच.

दोन गोष्टी खुराकाबाहेरच्या. कासदाह वरून दिसत नसला तरी आत असू शकतो, त्यात लॅक्टोज घटतं आणि डिग्री पडते, तर चारही सडांची सीएमटी, म्हणजे दुधावरून लपलेला कासदाह ओळखायची, चाचणी करून घ्या. आणि लॅक्टोमीटर घरी लावत असाल तर धार काढल्या काढल्या गरम फेसाळ दुधात लावू नका, ताज्या दुधाची डिग्री कमी दाखवते, थोडा वेळ जाऊ द्या. बदलानंतर दोन-तीन आठवडे थांबा मगच स्लिप बघा.

प्रश्न : आमच्या गावात चर्चा आहे की गोळी पेंडीत कंपन्या युरिया मिसळून प्रोटीन वाढवून दाखवतात. हे खरं आहे का, आणि असेल तर ही शेतकऱ्याची फसवणूक नाही का?
— एक वाचक, पलूस

उत्तर : पोत्यावरचा प्रोटीनचा आकडा मोजतात कसा ते कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. प्रयोगशाळा प्रोटीन थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. आता युरियात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे १ किलो युरिया कागदावर जवळपास २.८८ किलो प्रोटीन दाखवतो, जरी त्यात एकही अमिनो ॲसिड नाही. म्हणून तुमची शंका बिनबुडाची नाही. पशुखाद्याच्या भारतीय मानकात युरिया १ टक्क्यापर्यंत चालतो. १ टक्का म्हणजे २२ मधले जवळपास ३ टक्के. तेवढ्याला मी फसवणूक म्हणणार नाही, लपवून त्याच्या वर घातला तर ती नक्कीच फसवणूक आहे आणि धोका पण.

चालतो का, तर वर सांगितलं तेच, कोठीपोटातले जिवाणू युरियाच्या अमोनियापासून खरं प्रोटीन बनवतात. फिनलंडचे शास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन, ज्यांना १९४५ मध्ये चाऱ्याच्या साठवणीवरच्या संशोधनासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी १९६० च्या दशकात गाईंना खुराकात प्रोटीन जवळजवळ शून्य ठेवून फक्त युरिया आणि अमोनियाचे क्षार नायट्रोजन म्हणून दिले, सोबत स्टार्च, साखर, सेल्युलोज. त्या गाई दूध देत राहिल्या, चांगल्या गाईने वर्षाला ४,००० किलोच्या वर दिलं. दुधातलं प्रोटीन नेहमीसारखंच. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण बाहेरून जवळजवळ एकही मणी न देता गाईच्या पोटातल्या जिवाणूंनी सगळे मणी घडवले. पण ते हळूहळू सवय लावून, दिवसभरात वाटून वाटून आणि भरपूर ताकद सोबत देऊन. घरी मुठीने युरिया मिसळायचं हे निमित्त नाही. एकदम जास्त युरिया पोटात गेला की जनावर थरथरतं, फुगतं, लाळ गाळतं आणि तासाभरात दगावू शकतं, असं दिसलं तर फोन आधी डॉक्टरला करा. आणि वासरांना, पारडांना सहा महिन्यांच्या आत युरिया असलेलं काही नाही म्हणजे नाही. त्यांचं कोठीपोट तयार नसतं, त्यांना खरे मणी लागतात, आणि ते चिकात, दुधात आणि चांगल्या काफ स्टार्टरमध्येच, म्हणजे वासरांच्या खास खुराकातच, मिळतात.

प्रश्न : सर, माझ्याकडे २ गीर आणि १ पंढरपुरी म्हैस आहे. गीर ८ लिटर देते, म्हैस ६. एक जण घरी येऊन बायपास मेथिओनिन-लायसिनची बरणी देऊन गेलेत, रोज १५ ग्रॅम द्या, दूध दोन लिटर वाढेल म्हणाले. महाग आहे. देऊ का?
— एक पशुपालक भगिनी, माढा

उत्तर : ताई, नका देऊ. हिशोब मांडून दाखवतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच समोरच्याला विचारू शकाल.

तुमची गीर ८ लिटर देते, प्रोटीन ३.२ टक्के धरलं तर रोज २५६ ग्रॅम दुधातलं प्रोटीन. आतड्यातून रक्तात गेलेल्या प्रोटीनमधलं साधारण दोन तृतीयांश दुधात उतरतं, म्हणजे दुधासाठी ३८० ग्रॅमच्या आसपास हवं. शरीर राखायला आणखी ३०० धरा. झाले ६८०. आता जिवाणू किती देतात, तर पचणाऱ्या घटकांच्या, ज्याला टीडीएन म्हणतात, दर किलोमागे १३० ग्रॅमच्या आसपास जिवाणू-प्रोटीन तयार होतं. तुमच्या गाईच्या पोटात रोज पावणेसहा किलो टीडीएन जात असेल तर ७५० ग्रॅम, त्यातलं पचून उपयोगी पडतं ६४ टक्के, म्हणजे ४८०. उरले २०० ग्रॅम. तेवढं साध्या पेंडीतलं, चुनीतलं, कडब्यातलं जे प्रोटीन न फुटता कोठीपोटातून पुढं सटकतं त्यातून भरून निघतं. म्हणजे मेथिओनिन कमीच पडत नाहीये, मग वरून घालून काय होणार, त्याचाही युरिया.

म्हशीचं पण तसंच. तिच्या दुधात प्रोटीन जास्त, चार टक्क्यांच्या वर, पण ६ लिटरला ते अडीचशे ग्रॅमच झालं.

बरणीच्या पैशात एक गुंठाभर मेथी घास लावा आणि खुराकात तीन-चार प्रकार ठेवा. हे मी कौतुकाने सांगत नाही, त्याला कारण आहे. सरकी पेंडीत लायसिन कमी, मक्यात लायसिन कमी. सोयाबीनमध्ये लायसिन भरपूर पण मेथिओनिन तोकडं. तिळाच्या पेंडीत मेथिओनिन चांगलं, लायसिन कमी. शेंगदाणा पेंडीत दोन्हीकडं ओढाताण. एकाचं उणं दुसऱ्याने भरतं. आपल्या आज्या आंबोण करताना सरकी, हरभऱ्याची चुनी, गव्हाचा भुसा, मुठभर तिळाची पेंड असं एकत्र भिजत घालायच्या, त्यांच्या पाटीत ही जोडाजोड आपोआप होत होती.

प्रश्न : लातूर जिल्ह्यातून लिहितोय. सोयाबीनला भाव नाही, घरात ३० क्विंटल पडून आहे. भरडून गाईंना घातलं तर चालेल का? शेजारी म्हणतो कच्चं घातलं तर गाय फुगते.
— एक शेतकरी, औसा

उत्तर : चालेल, पण भाजून. शेजाऱ्याची काळजी योग्य आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरियाला झटपट अमोनिया करतं. म्हणजे कच्चं सोयाबीन आणि युरिया असलेली गोळी पेंड एका पाटीत गेली तर घात होऊ शकतो. शिवाय कच्च्यात ट्रिप्सिन अडवणारे घटक असतात, मोठ्या गाईला ते फार बाधत नाहीत पण वासराला बाधतात.

भाजल्याने दोन कामं होतात. हे घटक मरतात, आणि प्रोटीन थोडं घट्ट होतं, कोठीपोटात लगेच फुटत नाही, जास्त भाग आतड्यापर्यंत शाबूत जातो. हेच तर बायपास प्रोटीन, तेही घरचं. एनडीडीबीने आपल्याकडं पेंडींवर फॉर्मल्डिहाइडची मोजकी प्रक्रिया करून बायपास बनवायचं तंत्र आणलं, ते कारखान्यातच व्हायला हवं, पण भाजणं तुम्ही अंगणात करू शकता.

आता भाजायचं कसं ते जरा सावकाश सांगतो, इथंच सगळं बिघडतं. मोठी लोखंडी कढई, खाली मध्यम जाळ, थोडं थोडं सोयाबीन, आणि उलथणं थांबवायचं नाही. आधी दाण्याला घाम आल्यासारखा ओलसरपणा येतो, कच्च्या शेंगेचा हिरवट वास सुटतो. मग तो वास जाऊन फुटाण्यासारखा खमंग वास यायला लागतो, सालं तडकतात. एक दाणा काढून दाताखाली फोडा, आतून पिवळसर-बदामी आणि खुसखुशीत हवा. बाहेर काळा आणि आत हिरवट कच्चा म्हणजे जाळ मोठा झाला. झालं की पसरू नका, पोत्याखाली ढीग करून अर्धा तास गरमच राहू द्या, ती आतली उष्णता दाण्याच्या गाभ्यापर्यंत काम करते. मग पसरून गार करा आणि दोन-चार तुकडे होतील एवढंच भरडा, पीठ नको, पीठ केलं की पुन्हा कोठीपोटातच फुटतं. आणि तपकिरीच्या पुढं काळ्याकडं नेऊ नका, करपलं की सगळ्यात आधी लायसिन जातं, साखरेशी ते असं जुळून बसतं की गाईला सोडवता येत नाही. ज्यासाठी भाजलं तेच हातचं गेलं.

किती द्यायचं, तर १५ लिटरच्या वरच्या गाईला एक ते दीड किलो, आणि तेवढी दुसरी पेंड कमी करून. सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल असतं, जास्त झालं तर चारा पचवणारे जिवाणू मंदावतात आणि फॅट पडते. भरडलेलं आठवड्यात संपवा, तेल खवट होतं.

प्रश्न : इथेनॉल कारखान्यातला डीडीजीएस पेंडीपेक्षा स्वस्त मिळतो, प्रोटीन पण जास्त सांगतात. सरकी बंद करून फक्त तोच दिला तर?
— एक गोठा मालक, दौंड

उत्तर : फक्त तोच नको. डीडीजीएस म्हणजे धान्यातला स्टार्च आंबवून इथेनॉल काढल्यावर उरलेला माल, त्यामुळं प्रोटीन एकवटतं, मक्याच्यात २५ ते ३०, तांदळाच्यात ४० च्या वर. बायपास भाग पण चांगला असतो. पण मक्यातलं लायसिन मुळातच कमी, ते एकवटून सुधारत नाही, आणि वाळवताना जास्त तापलं तर उरलेलं पण जातं. म्हणून घेताना मूठभर हातात घेऊन उजेडात बघा. सोनेरी-पिवळसर, आंबूस गोड वासाचा घ्या. कॉफीसारखा गडद आणि जळका वास असलेला कितीही स्वस्त असो, त्यातलं प्रोटीन कागदावर आहे, कासेत येणार नाही. बुरशीचा वास आला तर अजिबात नको, धान्यात असलेलं बुरशीचं विष डीडीजीएसमध्ये सुमारे तिप्पट एकवटतं आणि अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं, ते दूध आपलीच पोरं पितात. एकूण खुराकाच्या पाव हिश्श्यापर्यंत ठेवा आणि सोबत सोयाबीन डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) असू द्या, लायसिनची भरपाई होते.

प्रश्न : खुराकात ठराविक अमिनो ॲसिड घालून ए-१ दुधाचं ए-२ करता येतं का? एका व्हिडिओत पाहिलं.
— एक विद्यार्थी, राहुरी

उत्तर : नाही करता येत. ए-१ आणि ए-२ मधला फरक बीटा केसीनच्या माळेत ६७ व्या मण्याचा आहे, ए-१ मध्ये तिथं हिस्टिडिन, ए-२ मध्ये प्रोलिन. कुठला मणी कुठं हे जनुक ठरवतं. गाईला टोपलीभर प्रोलिन खायला घातलं तरी माळेचा नमुना बदलत नाही. खुराकाने माळा किती होतील ते बदलतं, कशा होतील ते नाही.

प्रश्न : मुऱ्हा म्हशीला अमिनो ॲसिडची पावडर दिली तर फॅट ६ वरून ७ जाईल का?
— कागलहून

उत्तर : फॅटचा रस्ता वेगळा आहे. त्याचा मोठा भाग चाऱ्यातल्या तंतूपासून कोठीपोटात तयार होणाऱ्या ॲसिटिक आम्लातून येतो. आधी कडबा, वैरण, रवंथ बघा. बसलेली म्हैस एका घासाला ५० च्या वर वेळा चघळत असेल तर चारा पुरेसा लांब आणि जाड आहे, त्यापेक्षा कमी असेल तर कुट्टी फार बारीक होतेय.

प्रश्न : आमचा ४० एचएफ गाईंचा मुक्त गोठा आहे, मक्याचा मुरघास वर्षभर, टीएमआर (चारा-खुराक एकत्र मिसळायचं) मशीन आहे, वरच्या १० गाई ३५ लिटरच्या आहेत. त्यांना संरक्षित लायसिन-मेथिओनिन द्यायचा विचार आहे, सल्लागार ३:१ प्रमाण सांगतात. पैसे वसूल होतील का?
— दोन भाऊ, संगमनेर तालुका

उत्तर : तुमच्या त्या १० गाईंसाठी हो, विचार बरोबर आहे. माढ्याच्या ताईंना मांडून दाखवलेला हिशोब इथं लावा. ३५ लिटर म्हणजे रोज ११२० ग्रॅम दुधातलं प्रोटीन, त्यासाठी रक्तात १६७० ग्रॅमच्या आसपास जायला हवं, शरीराचे ६०० धरा, २२७० झाले. गाय २२ किलो कोरडा चारा-खुराक खाऊन १५ किलो टीडीएन घेत असेल तर जिवाणूंकडून साडेबाराशे ग्रॅम मिळेल. उरलं १ किलो, रोजचं. ते बायपास पेंडीतून आणावं लागतं, आणि पेंडीचे मणी दुधाच्या मण्यांशी जुळत नाहीत, तुमच्याकडं तर मुरघास, भरडा सगळं मक्याचं, म्हणजे लायसिन नक्की अपुरं, आणि सोयाबीन डीओसी वाढवली की मेथिओनिन अपुरं. दुधाच्या त्या ११२० ग्रॅममध्येच जवळपास ८५ ते ९० ग्रॅम लायसिन आणि ३० ग्रॅम मेथिओनिन रोज बाहेर पडतंय.

साधं मेथिओनिन घेऊ नका, ते कोठीपोटातच संपतं, संरक्षित म्हणजे आवरण असलेलंच. आणि ते टीएमआरमध्ये ओल्या मुरघासासोबत रात्रभर मिसळून ठेवू नका, काही मालाचं आवरण ओलाव्याने आणि मिक्सरच्या पात्यांनी फुटतं, शेवटी घाला, कमी वेळ फिरवा.

३:१ बद्दल, ते अमेरिकेतल्या एनआरसीच्या (नॅशनल रिसर्च कौन्सिल) २००१ च्या शिफारशीतून आलंय, रक्तात जाणाऱ्या प्रोटीनपैकी लायसिन ७.२ आणि मेथिओनिन २.४ टक्के. त्याच शिफारशींची पुढची आवृत्ती २०२१ मध्ये आली, तिच्यात एकच मणी अडवतो ही जुनी मांडणी सैल केलीय, लायसिन, मेथिओनिन, हिस्टिडिन, ल्युसिन, आयसोल्युसिन हे पाचही आपापल्या परीने दुधाचं प्रोटीन वाढवतात, आणि ताकद पण त्यांच्या जोडीला हवीच. वर मी पटवेकऱ्याचं उदाहरण दिलं ते समजायला सोपं आहे, पण गाईचं शरीर त्याहून लवचिक आहे, कास रक्तप्रवाह वाढवून कमी असलेला मणी जास्त खेचून घेते. फिनलंडकडं, जिथं गवताचा मुरघास आणि जव-ओट देतात, तिथं पहिल्यांदा हिस्टिडिन कमी पडतं असं दिसलंय. तुमच्या मक्याच्या खुराकाला ते लगेच लागू होत नाही, म्हणून सध्या लायसिन-मेथिओनिनवरच लक्ष ठेवा.

सुरुवात विण्याच्या तीन आठवडे आधी करा आणि व्यायल्यावर साधारण १०० दिवस द्या. या काळात गाईचा चारा कमी जातो आणि दूध चढत असतं, ती स्वतःच्या अंगातलं मांस मोडून मणी पुरवत असते, पाठीचा कणा आणि कमरेची हाडं वर यायला लागतात ती त्यामुळंच. मेथिओनिन यकृताला चरबी बाहेर काढायला पण मदत करतं. उरलेल्या ३० गाईंना देऊ नका.

आणि १० पैकी ५ च गाईंना आधी द्या, तेवढ्याच वेताच्या, तेवढ्याच दिवसांच्या. दोन्ही गटांचं दूध महिनाभर वेगळं मोजा. फक्त लिटर बघू नका, प्रोटीनचा टक्का वेगळा काढून देणाऱ्या मशीनवर आठवड्यातून एकदा प्रत्येक गाईचा सकाळ-संध्याकाळचा नमुना लावा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ३.१ चं ३.२ झालेलं दिसलं तर चालू ठेवा. काहीच हललं नाही तर पुडी थांबवून मुरघासाचा कोरडा अंश आणि गव्हाणीत सकाळी काय शिल्लक राहतं ते तपासा, मला लिहा, सोबत आठवड्याच्या स्लिपा आणि गव्हाणीतल्या शिल्लक चाऱ्याचा फोटो पाठवा.